हा पलंग कोणी बनवला?

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत फर्निचर फारसं नसतं. पलंग मात्र पुन्हा पुन्हा भेटतो. साधारण चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने 'रिपब्लिक' लिहिलं, त्याच्या दहाव्या भागात तीन पलंग आहेत. एक देवाने केलेला, म्हणजे पलंगाची मूळ कल्पना. दुसरा सुताराने त्या कल्पनेकडे बघून केलेला. तिसरा चित्रकाराने सुताराचा पलंग बघून रंगवलेला. खरेपणाच्या रांगेत सुतार दुसरा, चित्रकार तिसरा. पुढे ॲरिस्टॉटलने 'फिजिक्स'मध्ये अँटिफॉन नावाच्या विचारवंताचा दाखला दिला. पलंग जमिनीत पुरला आणि कुजता कुजता त्याला कोंब फुटला, तर उगवेल ते लाकूड, पलंग नव्हे. कोकणात पांगाऱ्याचा खुंट कुंपणाला रोवला की पावसाळ्यात त्याला पालवी फुटते. ते बघितलेल्या माणसाला हा मुद्दा लगेच पटेल. खुंट होणं आपण त्याच्यावर लादलेलं असतं. झाड होणं त्याचं स्वतःचं.

आता त्याच अथेन्समधली, जवळपास त्याच काळातली आणखी एक नोंद. डेमॉस्थेनीस हा तिथला नामांकित वक्ता. तो लहान असताना वडील गेले आणि ज्यांच्यावर भरवसा ठेवला होता त्या पालकांनी इस्टेट खाल्ली, म्हणून मोठा झाल्यावर त्याने त्यांच्यावर खटला भरला. त्या खटल्यातल्या भाषणात वडिलांच्या मालमत्तेची यादी आहे. यादीत पलंग बनवणारे २० गुलाम आहेत. ४० मिनांच्या कर्जापोटी ते तारण म्हणून आले होते, आणि वर्षाला १२ मिना कमावून देत होते. म्हणजे शहराच्या एका कोपऱ्यात पलंगाच्या कल्पनेवर विचार चालला होता, आणि दुसऱ्या कोपऱ्यात वीस माणसं दिवसभर पलंग करत होती आणि स्वतः कुणाच्या तरी गहाणखतात होती. त्यांची नावं त्या यादीत नाहीत. संख्या आहे, कारण हिशेबाला संख्या लागते.

प्लेटोच्या सुताराला कुणी काही विचारत नाही. तो उदाहरण म्हणून येतो आणि उदाहरण संपलं की जातो. त्यामुळे पलंग खरा की पलंगाचं चित्र खरं, ह्यापेक्षा मला दुसरेच दोन प्रश्न अडतात. 'हा पलंग मी बनवला' असं नेमकं कोण म्हणू शकतं? आणि तेच काम, त्याच हत्यारांनी, एका माणसाला छंद आणि दुसऱ्याला जन्मठेप कशामुळे वाटतं?

पावणेचार घनफूट

मी गेल्या हिवाळ्यात एक पलंग केला. घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे एक जाड टेबल, हातकरवत, दोन रंधे, चार पटाश्या, ड्रिल मशीन आणि क्लॅम्प एवढा संसार. गादी पाच बाय साडेसहा फुटांची, म्हणजे ६० बाय ७८ इंच. चार पाय, दोन लांब पाट्या, दोन आडव्या, डोक्याकडची फळी, मधला आधार आणि गादीखालच्या तेरा पट्ट्या. सगळं मिळून जेमतेम पावणेचार घनफूट लाकूड. त्याला मला अकरा रविवार लागले.

हे काम बाहेरून दिसतं त्याहून जास्त डोक्याचं आहे. एवढी मोठी चौकट काटकोनात बसली का, हे छोट्या गुण्याने कळत नाही. दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ६० बाय ७८चा कर्ण ९८ इंच ३ सूत यायला हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपण 'सुतासारखा सरळ' म्हणतो तेव्हा सुताराची ताणलेली दोरीच डोळ्यांसमोर असते. 'सुतार' हा शब्दही संस्कृत 'सूत्रधार'वरून आला, सूत्र धरणारा. नाटकातला सूत्रधार आणि आपला सुतार ही एकाच शब्दाची दोन लेकरं. त्यातला एक रंगमंचावर सगळ्यांच्या आधी बोलतो. दुसऱ्याला सोसायटीचा वॉचमन सर्व्हिस लिफ्टने जायला सांगतो.

आणि लाकूड कापल्यावरही गप्प बसत नाही. हवेतला दमटपणा ते घेतं आणि सोडतं. धाग्यांच्या दिशेने ते जवळपास बदलत नाही. धाग्यांच्या आडव्या दिशेने मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. म्हणून डोक्याकडची रुंद फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकायची नसते. ती खाचेत थोडी सैल बसवायची, हलायला जागा ठेवायची. जागा ठेवली नाही तर फळी एक दिवस स्वतःच जागा करून घेते, म्हणजे तडकते. फेविकॉल कुठे लावायचा ह्यापेक्षा कुठे लावायचा नाही, हे समजायला जास्त वेळ लागतो.

पलंग उभा राहिला तेव्हा मी मैत्रिणींना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मी बनवला.' वाक्य दोन शब्दांचं, आणि खोटंही नाही. पण त्यातल्या 'मी'ला हातात धरून बघितलं तर तो अनेक तुकड्यांचा निघतो.

'मी'चे तुकडे

लाकूड सागवानाचं, पण नवं नाही. पाडलेल्या एका जुन्या वाड्याचं, जुन्या बाजारातून आणलेलं. सागाचं झाड चांगल्या जाडीचं व्हायला पन्नास-साठ वर्षं सहज जातात. म्हणजे जो लावतो तो बहुतेक वेळा कापत नाही. इंग्रजांना जहाजांसाठी साग इतका हवा होता की १८४०च्या दशकात केरळात निलंबूरला त्यांनी मुद्दाम सागाची लागवड केली. मुंबईच्या वाडिया गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. आपल्याकडे गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाचं नाव मोठं. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान गेलं, तेव्हा बातम्या झाल्या. त्या बातम्यांत लाकडाची मिरवणूक होती. जंगलात राहणाऱ्यांचा त्या लाकडावर हक्क किती, ही जुनी भांडणाची गोष्ट तिथे नव्हती. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. तो मिळेपर्यंत त्या गावाच्या पिढ्या गेल्या होत्या.

माझ्या एका खांबात आधीच चौकोनी भोक होतं. यूट्यूबवर ज्याला मॉर्टिस म्हणतात ते. एका लाकडात भोक, दुसऱ्याला तेवढ्याच मापाची जीभ, आणि दोन्ही एकमेकांत अशी बसतात की खिळ्याची गरज नाही. त्या भोकाच्या आतल्या भिंतीवर पटाशीच्या खुणा होत्या. कुणीतरी शंभरएक वर्षांपूर्वी ते हाताने कोरलं होतं. कडा स्वच्छ, कोपरे काटकोनात. वाड्याच्या मालकाचं नाव वाड्याच्या दारावरच्या पाटीवर होतं. भोक कोरणाऱ्याची एवढीच सही.

मग हा पलंग कोणी बनवला? झाड लावणाऱ्याने, तोडणाऱ्याने, ओढणाऱ्याने, भोक कोरणाऱ्याने, स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसाने, वीज पोचवणाऱ्याने, आणि शेवटच्या अकरा रविवारी मी. स्वावलंबन हा शब्द आपल्याला फार प्रिय आहे. पण 'सगळं मी स्वतः केलं' असं म्हणणाऱ्याने बाकीच्यांना मोजलेलं नसतं, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

लॉकचा नोकर

'मी बनवलं म्हणून माझं' ह्या भावनेला तत्त्वज्ञानात मोठं घराणं आहे. १६८९ साली इंग्लंडमध्ये जॉन लॉकने मांडलं की माणूस आपल्या देहाचा आणि कष्टांचा मालक असतो. निसर्गातल्या एखाद्या गोष्टीत त्याने आपले कष्ट मिसळले की ती गोष्ट त्याची होते. जमीन नांगरली, फळ तोडलं, लाकूड तासलं, की मालकी तयार. ऐकायला न्याय्य वाटतं. कष्ट करेल त्याचं.

पण त्याच प्रकरणात लॉक सहज बोलता बोलता एक उदाहरण देतो. माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने कापलेला मातीचा थर, हेही माझंच. इथे थांबायला हवं. कष्टांनी मालकी येत असेल, तर नोकराने कापलेलं नोकराचं का नाही? लॉकचं उत्तर असं निघतं की नोकराचे कष्ट मी विकत घेतले, म्हणून ते माझेच कष्ट धरायचे. एका वाक्यात नोकर आणि घोडा शेजारी शेजारी उभे राहतात, आणि दोघांचंही काम तिसऱ्याच्या नावावर जमा होतं.

आपण हे रोज करतो आणि आपल्याला ते खटकतही नाही. 'आम्ही घर बांधलं', 'पप्पांनी वॉर्डरोब करून घेतला', 'मी किचन बदललं'. मराठीत 'करणं' आणि 'करून घेणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. भाषेने फरक जपून ठेवला आहे, तो बोलताना खाऊन टाकतो ते आपण.

दारात उभे राहिलेले पप्पा

माझे आजोबा सुतार होते. ज्या दोन रंध्यांनी मी काम केलं त्यातला एक त्यांचा आहे. नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं, दारं, खिडक्या, बाजा, सगळं ते करायचे. गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर शेतकऱ्यांची अवजारं नीट ठेवायची आणि सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' ह्या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलात आहे. ऐकायला ती सहकाराची वाटते. पण त्यात एक गोष्ट नव्हती. कारागिराला 'नको' म्हणता येत नव्हतं. काम नको, हे गिऱ्हाईक नको, हा धंदाच नको, ह्यातलं काहीच नाही. पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला की रात्री कंदील लावून बसायचं, आणि सुगीला खळ्यावर उभं राहून आपल्याच वाट्याची वाट बघायची.

आणि आजोबांच्या वर जसे लोक होते तसे खालीही होते. गावात पाटलाच्या ओसरीवर आजोबांनी विणून दिलेली बाज होती. मालक समोर असताना दलित माणसाला त्या बाजेवर बसायची मुभा नव्हती. त्याने खाली जमिनीवर टेकायचं किंवा उभं राहायचं. सुताराने केलेली वस्तू कोण वापरणार हे सुतार ठरवत नव्हता, पण शिडीवरच्या आपल्या पायरीचा फायदा त्यालाही मिळत होता. डॉ. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतं, म्हणून शिडी मोडायला कुणी पटकन तयार होत नाही.

पप्पा शिकले आणि नोकरीला लागले. आजोबांनी त्यांना मुद्दाम पटाशी हातात दिली नाही. मी शेडमध्ये काम करत होते त्या दिवसांत एका रविवारी पप्पा चहा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "आम्ही ह्यातून बाहेर पडलो, म्हणून तू हौस म्हणून आत येऊ शकलीस. एवढं लक्षात ठेव."

मी म्हटलं, "पप्पा, पण आजोबांना हे काम आवडत नव्हतं का?"

ते म्हणाले, "आवडतं का, असं त्यांना कुणी विचारलं होतं?"

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे अर्धं मिळालं. रंधा तोच, लाकूड तेच, खांद्याचं दुखणंही तेच. फरक असा की मला सोमवारी शेडचं दार बंद करता येतं. कंटाळा आला तर तीन आठवडे तिकडे न फिरकता येतं. सुतारकामात जी शांतता सापडते म्हणून हल्ली इतके व्हिडिओ बनतात, त्या शांततेचा मोठा भाग लाकडात नसतो. आपलं पोट त्यावर नाही, ह्यात असतो.

आजीचं काय

इथे आणखी एक धागा आहे. बाजेची चौकट आजोबा करायचे, पण काथ्या विणायची आजी. दारांना पॉलिश पेपर घासायची आजी. सरस उकळून ठेवायचीही तीच. गावात तिला सुतारीण म्हणायचे, पण ते नाव तिला लग्नाने मिळालं होतं, कामाने नव्हे. बलुतं आजोबांच्या नावाने यायचं.

१९३६ साली आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण मंडळाने रद्द केलं, म्हणून स्वतःच छापलं. त्याचं मराठीतलं नाव 'जातिप्रथेचे विध्वंसन'. त्यात त्यांचा एक मुद्दा असा आहे की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. कामं वाटून घेणं कुठल्याही समाजात असतं. इथे माणसंच जन्माआधी वाटून टाकली, आणि त्यात माणसाची आवड किंवा कुवत विचारात घेतली नाही. ज्या कामात निवड नाही त्यात मन लागत नाही, आणि मन न लागलेलं काम समाजालाही महाग पडतं. गांधींनी 'हरिजन'मध्ये उत्तर देताना वडिलोपार्जित व्यवसायाची बाजू घेतली. ब्राह्मणाचं आणि भंग्याचं काम सारख्याच मोलाचं मानावं, पण ज्याने त्याने आपल्या पूर्वजांचं काम करून पोट भरावं, असा त्यांचा विचार. त्यावर आंबेडकरांनी पुढच्या आवृत्तीत विचारलं की मग स्वतः गांधींनी वाण्याचा पिढीजात धंदा सोडून वकिली का धरली?

गांधींचं अंगमेहनतीवरचं प्रेम दिखाऊ नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर १९१०पासून ते आणि त्यांचे सहकारी चपला आणि सुतारकाम स्वतः करत होते. वर्ध्याला १९३७ साली मांडलेल्या नई तालीममध्ये हातकाम शिक्षणाच्या मध्यभागी होतं. पण टॉल्स्टॉय फार्मवर सुतारकाम करणारा माणूस ते निवडून करत होता. आंबेडकरांचा प्रश्न त्या निवडीबद्दल होता, आणि मला वाटतं तो अजून उभा आहे. कामाला प्रतिष्ठा द्या असं म्हणणं सोपं असतं. काम सोडायची मोकळीक दिल्याशिवाय ती प्रतिष्ठा म्हणजे हार घालून खुंटीला बांधून ठेवणं होतं.

आणि 'पूर्वजांचं काम' ह्या कल्पनेत मुली कुठे होत्या? माझ्या आत्यांना वडिलोपार्जित धंदाही मिळाला नाही आणि नोकरीही. रंधा मुलाकडे जायचा, नाहीतर माळ्यावर. त्यामुळे पप्पांचं वाक्य मला मान्य असूनही अपुरं वाटतं. मी ज्या दारातून आत आले ते दार आमच्या घरातल्या बायकांना बाहेरून बंदच होतं. पप्पांची पिढी बाहेर पडली. मी पहिल्यांदा आत आले. दोन्ही सुटका आहेत, फक्त दिशा उलट.

प्रेम आणि किंमत

आपण केलेली वस्तू आपल्याला जरा जास्तच चांगली वाटते. २०१२ साली मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली ह्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना आयकियाचे खोके जोडायला, कागदाचे प्राणी घडी घालायला आणि लेगो जुळवायला दिले. ज्यांनी स्वतः केलं त्यांनी आपल्या वस्तूला इतरांपेक्षा जास्त किंमत लावली. नवशिक्यांना आपले वेडेवाकडे कागदी प्राणी जवळपास जाणकाराच्या कामाइतकेच मोलाचे वाटले. बाहेरच्यांना अर्थातच तसं वाटलं नाही. आणि काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं, की ही माया नाहीशी झाली. अभ्यासकांनी ह्याला 'आयकिया इफेक्ट' नाव दिलं.

ह्यातून साधी गोष्ट निघते. माझं माझ्या पलंगावर प्रेम आहे, हा तो पलंग चांगला असल्याचा पुरावा नाही. पण ह्याचीच दुसरी बाजू कुणी फारशी बघत नाही. ज्या सुताराने गेल्या वर्षभरात चाळीस पलंग केले आणि चाळीसही दुसऱ्यांच्या घरी गेले, त्याच्या मायेचं काय होतं? त्याने काम पूर्ण केलेलं असतं. वस्तू मोडलेली नसते. पण ती त्याच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि जाताना तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लागलेलं असतं. त्याच्याकडे उरतो तो मोबदला. म्हणून मोबदल्यावरची घासाघीस ही फक्त पैशांची गोष्ट नसते. त्या वस्तूशी त्याचं जे एकमेव नातं उरलेलं असतं, ते आपण दोनशे-चारशे रुपयांनी कापत असतो.

गंमत बघा. हौशी माणसाने पलंग केला की लोक विचारतात, "किती दिवस लागले?" आणि कौतुक करतात. सुताराने केला की विचारतात, "किती घेणार?" आणि लगेच म्हणतात, "एवढे?" पहिल्याचा वेळ ही कथा, दुसऱ्याचा वेळ हा खर्च.

वापरणारा आणि बनवणारा

प्लेटोकडे एकदा परत जाऊ, कारण त्याच दहाव्या भागात तीन पलंगांपेक्षा कमी गाजलेली एक गोष्ट आहे. तो म्हणतो, प्रत्येक वस्तूच्या संदर्भात तीन कला असतात. ती वापरण्याची, ती बनवण्याची आणि तिची नक्कल करण्याची. ह्यात खरं ज्ञान वापरणाऱ्याला असतं. बासरी कशी असावी हे वाजवणाऱ्याला कळतं, तो बनवणाऱ्याला सांगतो, आणि बनवणारा ऐकतो. बनवणाऱ्याकडे असतो तो दुसऱ्याच्या सांगण्यावरचा विश्वास.

अर्धी गोष्ट खरी आहे. पलंग केवढा उंच हवा, हे गुडघे दुखणाऱ्या माणसाला जास्त कळतं. पण फळीला हलायला जागा हवी, हे झोपणाऱ्याला आयुष्यभर झोपूनही कळणार नाही. ते फक्त करणाऱ्याला कळतं. प्लेटोच्या मांडणीत ऐकायचं काम एकट्या सुताराचं आहे, आणि मला वाटतं तिथेच अथेन्सच्या त्या वीस माणसांची सावली पडली आहे. ज्या समाजात बनवणारा मालमत्तेच्या यादीत असतो, तिथे त्याच्याकडे स्वतःचं ज्ञान आहे हे कबूल करणं अवघड जात असणार.

अकरा रविवारांनी मी सुतार झाले नाही. पण वापरणारी आणि बनवणारी ह्या दोन्ही खुर्च्यांवर थोडा वेळ बसून मला एक गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यावर पुढे काहीतरी देणं लागतं असं वाटतं. स्वतःच्या हाताने वस्तू करण्याचं नैतिक मोल कुठे असेल तर ते ह्या देण्यात आहे. हौसेने माणूस आपोआप चांगला होत नाही. शेडमध्ये तास न् तास रंधा मारून बाहेर येऊन सुताराशी तासभर हुज्जत घालणारे लोक असतातच.

ते देणं मला तीन साध्या गोष्टींत दिसतं. पहिली, सुताराला भाव विचारण्याआधी दिवस विचारावेत. हे काम नीट व्हायला किती दिवस लागतील? त्याचं उत्तर ऐकलं की भाव आपोआप समजतो. दुसरी, तो "हे असं नको, असं करू" म्हणाला तर ते उद्धटपणा न मानता ज्ञान मानावं. पिंटरेस्टवरचा फोटो हा प्लेटोचा तिसरा पलंग असतो, त्याला पावसाळा माहीत नसतो. तिसरी सगळ्यात अवघड. तो "हे काम मी घेत नाही" म्हणाला तर तेही मान्य करावं. माझ्या हौसेतली सगळी गोडी जर 'नको' म्हणायच्या मोकळिकीतून आली असेल, तर त्याच्या कामाचा आदर करणं म्हणजे तीच मोकळीक त्याला देणं. त्याच्या मुलाने हा धंदा धरला नाही तर 'कला मरतेय' म्हणून हळहळायचा हक्कही मग आपल्याला फारसा उरत नाही. ती कला जगावी असं वाटत असेल तर तिच्यात येणं आणि तिच्यातून जाणं, दोन्ही सोपं असायला हवं. येणाऱ्यांत मुलीही हव्यात, आणि ज्यांना एकेकाळी त्या बाजेवर बसायला बंदी होती त्यांची मुलंही.

पप्पांना मी एवढं सांगू शकते, की ते बाहेर पडले म्हणून मी आत आले हे मला मान्य आहे, आणि आत येऊन मला बाहेर पडण्याची किंमत कळली.

तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचताय, आणि बरेच जण आडवे पडून. ज्यावर पडला आहात तो पलंग कुणाचा, असं विचारलं तर उत्तर लगेच येईल. कोणी बनवला, असं विचारलं तर दुकानाचं नाव येईल, ॲपचं येईल, फार तर हप्त्यांचा हिशेब आठवेल. गादी थोडी उचलून खालची एखादी पट्टी बघा. तिच्या टोकाला कधी कधी पेन्सिलीची एक बारीक रेघ राहून गेलेली असते, कुठे कापायचं ते ठरवताना मारलेली.